जॉन गॅरंड : रायफलीच्या पोटातला कारागीर

बेळगावच्या कॅम्पातील मैदानावर एन.सी.सी.च्या परेडला जाणाऱ्या आमच्या पिढीला रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री एवढेच ठाऊक होते. गोळी झाडावी, बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढावी, रिकामे पितळी टरफल खणकन बाजूला पडावे, मूठ पुन्हा पुढे ढकलून खाली दाबावी आणि मग दुसरा नेम. एका शिबिरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका उस्तादांनी मात्र घोंगडीवर एस.एल.आर. खोलून दाखविली. पुर्जे ओळीने मांडले. मराठी पोरे एका बाजूला, कानडी पोरे दुसऱ्या बाजूला, आणि उस्तादांची फौजी हिंदी दोघांनाही सारखीच अर्धवट कळणारी! नेम कसा धरावा हे त्यांनी दहा मिनिटांत उरकले. बाकीचा सगळा तास त्यांनी 'रोकें' या एकाच विषयावर घालविला. रोकें म्हणजे रायफल का अडते, कुठे अडते, आणि अडली तर हात प्रथम कुठे गेला पाहिजे. त्या वेळी आम्हांला तो तास कंटाळवाणा वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

त्या तासाची आठवण परवा पुन्हा झाली ती भोपाळात. निवृत्तीनंतर मी मुलीकडे चार इमलीत राहतो. चार इमली म्हणजे चार चिंचा. नाव खेडवळ, पण वस्ती सरकारी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची. संध्याकाळी एकांत पार्कात फिरताना आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक मराठी अभियंते भेटतात. बंदुकांच्या कर्त्यांविषयी ते फारसे आदराने बोलत नाहीत. नळीच्या टोकाकडे बघणारे लोक फार, पोटात बघणारे थोडे, अशी त्यांची तक्रार असते. अपवाद एकच करतात, जॉन गॅरंडचा. त्यांच्याकडून थोडे ऐकले, थोडे मी वाचून काढले. आपल्या मासिकासाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटले, हाच विषय द्यावा. शस्त्र करणाऱ्याचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे काय, असा प्रश्न एखाद्या प्राध्यापकमित्राला पडेल. मलाही पडला होता. पण या माणसाची गोष्ट लढाईची कमी आणि यंत्रशाळेची अधिक आहे.

जॉन कॅन्शियस गॅरंडचा जन्म कॅनडातील क्विबेक प्रांतात सेंट रेमी गावाजवळच्या एका शेतावर १ जानेवारी १८८८ रोजी झाला. कुटुंब फ्रेंच भाषिक, भावंडे एकूण बारा. आई वारल्यावर वडिलांनी सगळा कबिला घेऊन अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ज्यूएट सिटी या गिरणगावात बिऱ्हाड हलविले. हे साल १८९९. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. शाळा तिथेच संपली आणि सुताच्या गिरणीत झाडू मारण्याचे काम सुरू झाले. सोलापूर-इचलकरंजीकडे ज्यांची मुळे आहेत त्यांना हे चित्र निराळे सांगायला नको. मागांच्या गोंगाटात वाढणारे पोर दोन वाटांनी जाते. एक तर त्या आवाजाने बधिर होते, नाही तर कोणत्या चाकाचा आवाज बिघडला आहे हे दुरून ओळखू लागते. हा मुलगा दुसऱ्या वाटेने गेला. फावल्या वेळात तो यंत्रांभोवती घोटाळे, जॉबरांना हत्यारे हातात देई, आणि विशीच्या आत तो स्वतःच यंत्रकारागीर झाला. इंग्रजीही त्याने गिरणीतच उचलली. उच्चारावरची फ्रेंच छाप मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

पुढे प्रॉव्हिडन्स शहरातील ब्राउन अँड शार्प या कारखान्यात त्याला काम मिळाले. मापनाची साधने आणि मिलिंगची यंत्रे करणारा हा नावाजलेला कारखाना. इंचाचा हजारावा भाग ही तिथली रोजची भाषा. गॅरंडचे खरे कॉलेज हेच, असे मला वाटते. नेमबाजीचा शौक होताच. जत्रेत फुगे फोडायचे गाळे असतात तसल्या नेमबाजीच्या गाळ्यांत तो रमे. दोन छंद, एक पोटाचा आणि एक मनाचा, असे शेजारी शेजारी नांदत होते. त्यांची गाठ पडायला महायुद्ध यावे लागले.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, आणि सैन्याला चांगली मशीनगन मिळत नाही अशा बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. गॅरंड तेव्हा न्यूयॉर्कला होता. त्याने एका हलक्या मशीनगनचा आराखडा करून सरकारकडे पाठविला. आराखडा पसंत पडला, त्याला वॉशिंग्टनला बोलावून घेण्यात आले, पण नमुना तयार होईतो युद्धच संपले. तोफखाना खात्याने मात्र माणूस हातचा जाऊ दिला नाही. १९१९च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत त्याची नेमणूक झाली. पुढची चौतीस वर्षे त्याने त्याच आवारात काढली.

काम काय होते ते सोप्या शब्दांत सांगतो. थ्री-नॉट-थ्रीत शिपायाचा उजवा हात जे चार हिसके देतो, ते रायफलीने स्वतः द्यायचे. चाप दर वेळी शिपायानेच ओढायचा, पण रिकामे टरफल बाहेर फेकणे, नवे काडतूस नळीत बसविणे आणि पुढच्या बारासाठी घोडा चढविणे हे सगळे आपोआप व्हायचे. म्हणून ती अर्धस्वयंचलित. कल्पना नवी नव्हती, अनेक देशांत प्रयोग झाले होते. अडचण निराळीच होती. तोफगाड्यावर बसवायच्या बंदुकीत जड भाग चालतात. शिपायाने खांद्यावरून मैलोगणती वाहायची रायफल साडेचार किलोच्या आत हवी, चिखलात पडून उचलली तरी चालली पाहिजे, अशिक्षित माणसाला खोलता-जोडता आली पाहिजे आणि कारखान्यात लाखांनी निघाली पाहिजे. या चार अटी एकमेकींच्या सवती आहेत. एकीला खूष करावे तर दुसरी रुसते.

गॅरंडचा पहिला तोडगा फार चतुर होता. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्यावर आघात होऊन दारू पेटते. पेटलेल्या दारूचा दाब त्या टोपीलाही किंचित मागे रेटतो. त्या केसभर हालचालीवर त्याने रायफलीचे सारे यंत्र चालवून दाखविले! १९२०नंतरची चार-पाच वर्षे त्याने यावर घालविली. चाचण्या चांगल्या झाल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास सैन्याने काडतुसाची दारू बदलली. शिवाय टोपी जागच्या जागी घट्ट दाबून बसविण्याची पद्धत आणली. टोपी हलेना, म्हणजे रायफल चालेना. दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारला असता. गॅरंडने तो नमुना बाजूला ठेवला आणि निराळ्या तत्त्वावर पहिल्यापासून सुरुवात केली.

हे दुसरे तत्त्व वायूच्या दाबाचे. गोळी नळीतून धावते तेव्हा तिच्या मागे जळत्या दारूचा वायू कोंडलेला असतो. त्यातला थोडासा बाजूला काढून एका दट्ट्याला रेटा दिला, की दट्ट्याला जोडलेला दांडा मागे जातो, जाताना बोल्ट फिरवून मोकळा करतो, टरफल उडते. मग दाबलेली स्प्रिंग सगळ्यांना पुन्हा पुढे लोटते आणि वाटेत नवे काडतूस उचलून नेते. मोटारीच्या इंजिनातला दट्ट्या ज्याने पाहिला आहे त्याला यात अवघड काही नाही. हा दांडा, म्हणजे ऑपरेटिंग रॉड, नळीखालून सरळ न जाता पुढे जाऊन उजवीकडे वाकडा वळतो आणि बोल्टला धरतो. कागदावर तो बेढब दिसतो. पण त्या एका वाकड्या दांड्यात गॅरंडने चार-पाच कामे कोंबली, आणि म्हणून बाकीचे सुटे भाग कमी झाले. आमचे शेजारी म्हणतात, सुबक आराखडा आणि चालणारा आराखडा यांत फरक करता येणे हीच अभियंत्याची परीक्षा.

स्पर्धक होता जॉन पेडरसन. नावाजलेला, मुत्सद्दी, आणि स्वतःच्या कामाचे मोल ओळखणारा. सरकारशी केलेल्या करारात त्याने मानधन आणि स्वामित्वधन दोन्हींची तजवीज करून घेतली होती. त्याची रायफल पॉइंट टू-सेव्हन-सिक्स या लहान काडतुसाची. चालायची सुरेख, पण काडतुसांवर मेणाचा पातळ लेप द्यावा लागे. युद्धभूमीवर मेण लावलेली काडतुसे! धूळ, वाळू आणि मेण यांची गट्टी काय होते ते सांगायला नको. गॅरंडनेही त्याच लहान काडतुसाची रायफल केली होती आणि तीच पुढे सरस ठरू लागली. त्याच सुमारास त्याने मोठ्या पॉइंट थर्टी काडतुसाचा एक नमुनाही केला होता. १९३१च्या चाचण्यांत या मोठ्या नमुन्याच्या बोल्टला तडा गेला आणि तो स्पर्धेतून मागे घ्यावा लागला. आता बाजी संपली असे दिसत असताना १९३२ साली लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी निर्णय दिला की काडतूस जुनेच राहील. कोठारांत पॉइंट थर्टी काडतुसांचे डोंगर पडलेले होते आणि मंदीच्या दिवसांत नवा खर्च करायला पैसा नव्हता. पेडरसनची रायफल एका हुकमाने निकालात निघाली. गॅरंडने बोल्ट सुधारून तडा गेलेला नमुना पुन्हा उभा केला. त्याच्या यशात नशिबाचा वाटा नव्हता असे म्हणणे खोटे होईल. पण नशीब दार ठोठावते तेव्हा घरात काहीतरी तयार असावे लागते, आणि ते त्याच्या घरात होते.

९ जानेवारी १९३६ रोजी 'एम-१' या नावाने रायफल सैन्यात रुजू झाली. आठ काडतुसांचा पोलादी चिमटा वरून पोटात दाबायचा आणि आठही संपली की चिमटा टिंग असा आवाज करून बाहेर उडायचा. त्या आवाजावरून शत्रूला रायफल रिकामी झाल्याचे कळे, अशी एक कथा फार लोकप्रिय आहे. लढाईच्या कोलाहलात पन्नास-शंभर पावलांवरून हा टिंग कोण ऐकणार? मला ती कथा कधी पटली नाही.

खरी कसोटी यानंतरची, आणि चरित्रकार इथेच घाई करतात. रायफल स्वीकारली गेली, कारखान्यातून निघू लागली, आणि तक्रारी येऊ लागल्या. पहिली तक्रार वायूच्या व्यवस्थेची. मूळ रचनेत नळीला छिद्र न पाडता तिच्या तोंडाशी एक टोपण बसवून गोळीपाठोपाठ बाहेर पडणारा वायू पकडला जाई. सैन्याला नळीत छिद्र नको होते, म्हणून ही द्राविडी प्राणायामाची रचना. टोपणात काजळी साठे, ते हलले तर नेम बिघडे. दुसरी तक्रार अधिक विचित्र. आठांपैकी सातवे काडतूस हटकून अडे. सहा सुरळीत, आठवेही ठीक, पण सातवे अडून बसे. १९३९ साली या सातव्या काडतुसाने शस्त्रशाळेची झोप उडविली. स्प्रिंग बदला, चिमटा बदला, काडतुसे बदला, असे सल्ले आले असतील. दोष निघाला भलतीकडेच. रायफलीच्या मुख्य सांगाड्यात आतल्या बाजूला काडतुसाला वाट दाखविणारी एक बारीक कड असते. उत्पादन सुरू करताना मिलिंगच्या एका फेरीत त्या कडेचा तुकडा उडविला जात होता. हाताने केलेल्या नमुन्यांत ती कड शाबूत होती, म्हणून चाचण्यांत रायफल निर्दोष ठरली होती! आराखडा बरोबर होता, यंत्रावरची फेरी चुकली होती. आधी निघालेल्या रायफलींच्या आत धातू भरून ती कड पुन्हा उभी करावी लागली.

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा अशी माझी इच्छा आहे. प्रयोगशाळेतला नमुना आणि कारखान्यातली वस्तू एकच असते असे आपण गृहीत धरतो. गॅरंड ते कधी धरत नसे, कारण तो आधी हत्यारे घडविणारा होता. रायफल कापणाऱ्या यंत्रांची पकडसाधने आणि कापण्याच्या फेऱ्याही त्याने स्वतः आखल्या होत्या, हे फार थोड्या बंदूककर्त्यांविषयी म्हणता येईल.

वायूची रचना बदलण्याचे काम १९३९-४०मध्ये झाले. तोंडावरचे टोपण गेले, नळीच्या टोकाजवळ खालच्या अंगाला एक छोटे छिद्र आले, आणि दट्ट्या थेट त्याखाली बसला. दांड्याची लांबी, पुढचा नळकांडा, दर्शनीची बैठक असे त्याच्याशी गुंतलेले भाग ओघाने बदलले. आधी बाहेर पडलेल्या पन्नास हजारांच्या आसपास रायफलींपैकी बहुतेक पुढे बोलावून सुधारल्या गेल्या. पण मधले दिवस फार कठीण होते. युरोपात फ्रान्स कोसळला होता, अमेरिकेत सैन्यवाढ सुरू झाली होती, आणि वर्तमानपत्रांत व काँग्रेसमध्ये ओरड चालली होती की सैन्याने नादुरुस्त रायफल पत्करली. मेल्विन जॉन्सन नावाच्या तरुण वकिलाने स्वतःची रायफल पुढे केली होती आणि त्याच्या पाठीराख्यांचा आवाज मोठा होता. १९४०च्या अखेरीस मरीन दलाने कॅलिफोर्नियात वाळू, चिखल आणि खारे पाणी यांत रायफली लोळवून परीक्षा घेतली. चिखलात एम-१देखील अडली, पण एकंदरीत तीच पुढे राहिली. गॅरंडने या सगळ्या वादात जाहीर वाद घातल्याचे कुठे आढळत नाही. तो कामावर जात राहिला.

वर्षभरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. फिलिपाइन्सच्या जंगलात एम-१ पहिल्यांदा खऱ्या लढाईत उतरली आणि तिने लाज राखली. त्या युद्धात जर्मन, जपानी आणि ब्रिटिश पायदळांतले बहुसंख्य शिपाई बोल्ट ओढीत असताना अमेरिकन शिपाई आठ गोळ्या नेम न मोडता झाडू शकत होता. जनरल पॅटन यांनी या रायफलीची मुक्तकंठाने स्तुती केली, ती सर्वांना ठाऊक आहे. शिपायांच्या तक्रारी कमी जणांना ठाऊक आहेत. मुसळधार पावसात तेल धुऊन जाई आणि बोल्ट आवळून बसे. त्यावर पाण्याने न धुणारे ग्रीस काढले गेले आणि त्याची इवलीशी डबी शिपायाच्या सामानात आली. मागची दर्शनी हिसक्यांनी सरके, म्हणून तिला कुलपासारखी पट्टी आली आणि युद्धानंतर दर्शनीच नवी आली. त्या वाकड्या दांड्याचा एक आतला कोपरा काटकोनी होता. हजारो बारांनंतर तिथे तडे जात. युद्धानंतर तो कोपरा गोलाईने कापला जाऊ लागला. पोलादाला धारदार कोपरा सोसत नाही, हे यंत्रशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवितात. पण चाळीस लाख रायफलींच्या अनुभवाशिवाय तो कोपरा कोणता, हे कळत नाही.

सुधारलेल्या भागावर आराखड्याचा क्रमांक आणि त्यापुढे कितवी आवृत्ती तो आकडा उमटविलेला असे. युद्धानंतर रायफली दुरुस्तीला आल्या की जुने भाग काढून नव्या आवृत्तीचे घालीत. सगळे भाग परस्परांत बदलता येत, त्यामुळे एकाच रायफलीत पाच निरनिराळ्या सालांचे पुर्जे सुखाने नांदत. आजचे संग्राहक नेमके उलटे करतात. गोल कापलेला भक्कम दांडा काढून तडा जाणारा मूळ दांडा शोधून बसवितात, कारण त्याला किंमत जास्त! गॅरंडला हे कळते तर तो काय करता कोण जाणे.

महायुद्ध संपेतो सुमारे चाळीस लाख आणि १९५७ साली उत्पादन थांबेतो सुमारे चोपन्न लाख एम-१ तयार झाल्या. कोरियाच्या युद्धात तीच होती. लष्करी मदतीच्या वाटेने ती पाकिस्तानसह कितीतरी देशांत पोचली. आपल्याकडे ती कधी सैन्याची रायफल झाली नाही. १९६२च्या हिवाळ्यात नेफा-लडाखच्या बर्फात आपले जवान बहुतांशी थ्री-नॉट-थ्रीचा बोल्टच ओढत होते, आणि समोरच्या चिन्यांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. गोठलेल्या बोटांनी बोल्ट ओढणे म्हणजे काय, हे त्या पिढीच्या जवानांनी भोगले. त्यानंतर इशापूरची एस.एल.आर. हाती आली. तिचा मूळ कर्ता गॅरंड नव्हे, बेल्जमचा द्यूदोने सेव्ह. तोही १८८८ सालीच जन्मलेला. तत्त्व मात्र तेच, नळीतल्या छिद्रातून घेतलेल्या वायूचे. उस्तादांनी आम्हांला घोंगडीवर दाखविलेला दट्ट्या आणि गॅस रेग्युलेटर त्याच घराण्यातले.

आणि या माणसाला काय मिळाले? पगार. १९३६ साली त्याने आपले सगळे हक्क सरकारच्या नावे लिहून दिले होते. एकाही रायफलीवर त्याला स्वामित्वधन मिळाले नाही. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले गेले, ते संमत झाले नाही. १९४४ साली 'मेडल फॉर मेरिट' हे पदक मिळाले. पेडरसन आणि गॅरंड यांत शहाणा कोण, यावर वर्गात वाद घालता येईल. माझे मत विचाराल तर सरकारने त्याच्या अबोलपणाचा फायदा घेतला. त्याने स्वतः कुरकुर केली नाही म्हणून ती गोष्ट न्याय्य ठरत नाही.

घरी तो साधा संसारी माणूस. १९३० साली नेली शेपर्ड या बाईंशी लग्न झाले, एक मुलगा, एक मुलगी. बर्फावर घसरण्याचा त्याला इतका नाद की हिवाळ्यात घरातल्या एका खोलीत पाणी सोडून तो बर्फाचा आखाडा करी, असे सांगतात. अमेरिकन लोक त्याचे आडनाव 'गराँड' असे लांबवून उच्चारीत. तो स्वतः 'गॅरंड' असे पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणे.

१९५३ साली तो निवृत्त झाला. एम-१च्या पुढची एम-१४ ही रायफल १९५७ साली आली, तिच्या पोटातही त्याचाच फिरता बोल्ट होता. १९६८ साली स्प्रिंगफील्डची शस्त्रशाळा बंद झाली. तिथे आता संग्रहालय आहे. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी, शहाऐंशी वर्षांचा असताना, त्याच स्प्रिंगफील्ड गावी गॅरंड वारला. निवृत्तीच्या वेळी शस्त्रशाळेने त्याला दहा लाख क्रमांकाची एम-१ भेट दिली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर बरीच वर्षांनी, २०१८ साली, लिलावात विकली गेली.